सायराताईंनी न विचारलेला प्रश्न

आमच्या जुन्नर-आंबेगावात पोरीला स्थळ आलं की आधी चौकशी होते. पत्रिका नंतर, पोहे त्याच्याही नंतर. एक जण मुलाच्या गावच्या स्टँडवर चहाच्या टपरीवर बसून येतो, दुसरा दूध डेअरीवर विचारतो, तिसरा मुलाच्या मास्तरांना गाठतो. पितो का, पत्ते खेळतो का, कुठं भलतीकडं जातो-येतो का. दहाएक वर्षांपूर्वी या चौकशीवाल्या मंडळींना शोध लागला, की एवढी पायपीट कशाला करायची, जुन्नरच्या बाजारपेठेत नवाब टेलरची बायको सायराबानू बसलीय, तिला घराघरातलं सगळं म्हाईत आहे.

माहीत होतंच. त्या वर्षी आमच्या भागात एचआयव्हीचा सर्व्हे झाला होता आणि सायराताई त्या टीमच्या प्रमुख होत्या. पुण्याच्या ऑफिसातून चिठ्ठ्या टाकून काढलेली घरांची यादी यायची. त्या घरातल्या मोठ्या माणसांना एकेकटं बसवून प्रश्न विचारायचे आणि कबूल असेल त्याच्या बोटाला टोचून रक्ताचे चार थेंब जाड कागदावर घ्यायचे. त्या कागदावर नाव नसायचं, नुसता नंबर. आणि प्रश्न असे, राव, की आमच्याकडं नवरा-बायको उभ्या जन्मात एकमेकांना विचारत नाहीत. लग्नाबाहेर कुणाशी संबंध आला का, किती जणांशी, पैसे देऊन का, निरोध वापरला का.

मीही त्या टीममध्ये होतो. माझं नाव भरत, गाव शिनोली. आता घोडेगावात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो आणि डोकं कायम तापलेलं असायचं. बायकांना बाईनं विचारायचं आणि पुरुषांना पुरुषानं, असा नियम होता, म्हणून मला घेतलं. पहिल्या दिवशी सायराताईंना बघून मी तोंड वाकडं केलं. चाळिशीची बाई, दहावी पास, नवऱ्याच्या दुकानात ब्लाउजची मापं घेणारी, आणि हिच्या हाताखाली मी पदवीधर. आठ दिवसांत माझी सगळी मस्ती उतरली.

त्यांचं मापं घेण्याचं काम मला आधी समजलंच नव्हतं. दुकानात पुरुषासमोर माप द्यायला बायका लाजतात, म्हणून ताई वीस वर्षं घरोघर जाऊन मापं घेत होत्या. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, कोण वर्षभरात निम्मी झालीय, हे त्यांना त्या घरच्या सासूच्या आधी कळायचं. पण एकीचं माप दुसरीला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या मापाच्या वहीत नावंसुद्धा नव्हती. हिरव्या दाराची, दोन लिंबांची, असल्या खुणा लिहिलेल्या. नवाबभाई म्हणायचे, हिच्या वहीपुढं मी शिंपी असून आंधळा.

एकांत मिळवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड. घरातल्या सुनेला एकटं सोडतं कोण? शिनोलीच्या पुढं एका गावात ठकूबाई नावाच्या सासूबाई दारातच फतकल मारून बसल्या. काय विचारायचं ते माझ्याम्होरं विचारा, तिला काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी वाद घातला नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, की आजी, या साहेबांना घरच्या जनावरांची माहिती पाहिजे आणि ती तुमच्याशिवाय कोण सांगणार. झालं. ठकूबाईंनी मला गोठ्यात नेलं. दोन म्हशी, त्यांच्या आया, आयांचे आजार, कुठली कुणाला विकली आणि विकून कशी चूक झाली, पाऊण तास मी शेणात उभा राहून मान डोलावत होतो. ताई बाहेर आल्या. मागून सून आली, तिचे डोळे ओले होते पण चेहरा हलका झाला होता. वाटेत मी विचारलं, काय म्हणत होती हो ती? ताई म्हणाल्या, "म्हशी किती निघाल्या?" पुढं मी पुन्हा कधी विचारलं नाही.

माझी स्वतःची तऱ्हा मात्र वाईट होती. बापाच्या वयाच्या माणसाला असलं विचारताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीत मी पाच पुरुषांचे फॉर्म हिरड्याच्या झाडाखाली बसून एकट्यानंच भरले. सगळ्यांना सगळ्या प्रश्नांना 'नाही'. साधी माणसं आहेत, कुठं काय करणार, असं मनाशी म्हणालो. पुरुषांचे फॉर्म पाकिटात घालून चिकटवायचे आणि थेट पुण्याला पाठवायचे, ताईंनासुद्धा ते उघडायची परवानगी नव्हती. म्हणजे पकडला जाण्याची भीतीच नाही, असं मला वाटलं.

ताईंनी पाकिटं मोजली आणि विचारलं, ही माणसं भेटली कुठं? घरीच, मी म्हणालो. "आज घोडेगावचा बाजार आहे, भरतभाऊ," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं वाडीतले सगळे पुरुष हिरडा घेऊन गेलेत. त्यांच्या बायकांशीच बोलून आले मी." चिडल्या की त्या मला भरतभाऊ म्हणायच्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या ओरडल्या नाहीत. पाचही पाकिटं न उघडता फाडली, दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "लाज तुला वाटते, आणि त्यापायी तू त्या माणसांच्या वतीनं खोटं बोललास. त्यातल्या एकाला खरं सांगायचं असेल तर? त्याला आयुष्यात एकदाच कुणीतरी विचारायला आलं होतं, आणि तो माणूस झाडाखाली बसून निघून गेला."

संध्याकाळची एसटी वर येईपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. पुरुष उतरले, तसं मी एकेकाला बाजूला घेऊन पाचही जणांना सगळे प्रश्न विचारले. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, फॉर्मात डोकं घालायचं नाही, दोघांच्या मधल्या जमिनीकडं बघायचं आणि सावकाश विचारायचं, हे ताईंनी शिकवलेलं. पाचातल्या सगळ्यांचीच उत्तरं काही मी भरलेल्या उत्तरांसारखी नव्हती. याहून जास्त मी तुम्हाला सांगणार नाही. परतीची गाडी चुकली होती, दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून आम्ही खाली आलो.

आणि ताईंची चिठ्ठी द्यायची रीत. रक्ताचा निकाल कुणालाच कळवायचा नाही, असा सर्व्हेचा नियम होता. ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचं असेल त्याला सरकारी तपासणी केंद्राची एक चिठ्ठी द्यायची, तिथं फुकट तपासतात, नाव बाहेर जात नाही. आम्ही बाकीचे चिठ्ठी हातात कोंबून मोकळे व्हायचो. ताई ती वाचून दाखवायच्या, केंद्र कुठल्या दारानं आत गेल्यावर लागतं ते सांगायच्या, आणि औषध निघालंय, वेळेत कळलं तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, हे प्रत्येक घरात, दमून घसा बसला तरी सांगायच्या. असं काम करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तर सर्व्हे संपला आणि चौकशीवाले सुरू झाले. सगळ्यात पुढं आमच्या शिनोलीचे चांगदेवतात्या. पंधरा एकरांचे बागायतदार, शब्दाला वजन. त्यांच्या पोरीला, श्रेयाला, आमच्या यादीतल्याच एका गावचं स्थळ आलं होतं. टोमॅटोचा क्रेट घेऊन तात्या ताईंच्या दुकानात गेले, मला बरोबर घेऊन. म्हणाले, बाई, तुमी त्या घरात गेला व्हता, पोरगं कसं आहे तेवढं सांगा, माझ्या पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

ताईंनी क्रेट उचलून परत तात्यांच्या पायाशी ठेवला. "चांगदेवभाऊ, मी त्या घरात गेले होते की नाही, हेसुद्धा मी सांगणार नाही."

तात्या हात जोडायला लागले. माझ्या गावचा एवढा मोठा माणूस एका शिंप्याच्या दुकानात हात जोडतोय, हे बघून मलाच राहवेना. मी ताईंना बाजूला घेऊन म्हणालो, वाईट असेल तर गप्प बसा, पण चांगलं असेल तर नुसतं चांगलं म्हणायला काय जातंय? ताई म्हणाल्या, "एकाला चांगलं म्हटलं की दुसऱ्या वेळी माझं गप्प बसणं म्हणजे वाईट म्हणणंच होईल. मग सांगितलं काय आणि न सांगितलं काय." मला ते तेव्हा पटलं नाही. ही बाई लई शिष्ट आहे, असंच मी परतीच्या वाटेवर तात्यांना म्हणालो, आजही त्याची लाज वाटते.

तात्यांनी काय केलं, तर ताईंचं गप्प बसणं हाच नकार धरला. बाई बोलत न्हाई म्हंजी पाणी मुरतंय, म्हणाले, आणि सोयरीक सहा महिने लांबवली. शेवटी चार ठिकाणी चौकशी करून पोरगी तिथंच दिली आणि ती सुखात नांदली. मग तर तात्यांचा राग दुप्पट झाला. एका शब्दाचं काम होतं, बाईनं आम्हाला सहा महिने झुलवलं, असं ते जिथं तिथं सांगत सुटले. शिनोलीकडच्या बायकांची शिलाई नवाबभाईंच्या दुकानात यायची थांबली. ताईंनी कुणापुढं खुलासा केला नाही.

सर्व्हेला तीन वर्षं झाली. मी झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. एक दिवस सायराताई दुकानात आल्या, हातात एक बायोडाटा, चार प्रती काढायच्या होत्या. त्यांच्या उजमाला स्थळ आलं होतं. उजमा त्यांची एकुलती एक, बालवाडीत शिकवायची, आईसारखीच सावळी आणि आईसारखीच हट्टी. मी कागद काचेवर ठेवला आणि फोटो बघितला. मंचरचा हमदान, फर्निचरचं दुकान.

या मुलाला मी प्रश्न विचारले होते. त्यांच्याच गोदामात, सागाच्या फळ्यांवर समोरासमोर बसून. त्या वेळी ताई आत त्याच्या आईशी बोलत होत्या, म्हणजे त्या मुलाची उत्तरं जगात एकट्या मला ठाऊक आहेत हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. मी वर पाहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. काचेखालून हिरवा उजेड सरकत होता त्याकडं बघत होत्या. प्रती घेतल्या, बरा आहेस ना, म्हणाल्या आणि गेल्या.

चार दिवस माझं कामात लक्ष लागेना. आधारकार्डाच्या जागी पॅनकार्ड छापत होतो. चिडत होतो स्वतःवरच. ज्या बाईनं मला माणसात आणलं, तिच्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, उत्तर माझ्या डोक्यात, आणि मी टोनर भरत बसलोय. पाचव्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि जुन्नर गाठलं.

ताई दुकानात एकट्या होत्या, गळ्यात टेप, पुढ्यात अर्धा कापलेला खण. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, ताई, त्या मुलाबद्दल मला जरा बोलायचंय. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"भरत, मी आई आहे. बायोडाटा आला त्या दिवसापासून प्रश्न माझ्या ओठांवर आहे. अजून पाच मिनिटं इथं बसलास तर मी विचारीन. म्हणून सांगते, ऊठ. साडेतीनची गाडी लागलीय."

मी हटून बसलो. म्हणालो, नुसतं चांगला आहे म्हणालो तर? नुसता गप्प बसलो तर?

"मग चांगदेवभाऊंची पोर काय माझी दुश्मन होती?"

एवढं बोलल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. पदरानं पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग उठून माझा दंड धरला आणि मला स्टँडपर्यंत चालवत नेलं, गाडीत बसवलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या. मी परत उतरेन याची त्यांना खात्री वाटत नसावी. मलाही वाटत नव्हती. जळो ते नियम, असं मी गाडीत बसल्या बसल्या म्हणालो, आणि शेजारचा म्हातारा माझ्याकडं बघायला लागला.

पुढं काय झालं ते मला नवाबभाईंनी सांगितलं. मंगनीची बोलणी करायला मंचरहून मंडळी आली. देण्याघेण्याचं काही नव्हतं, दोन्हीकडून पसंती होती, चहा झाला. तेव्हा ताई आतून बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की माझी एक अट आहे. निकाहच्या आधी मुलगा आणि मुलगी दोघांनी सरकारी केंद्रात जाऊन रक्त तपासायचं. कागद त्या दोघांनीच एकमेकांना दाखवायचे, तिसऱ्यानं बघायचे नाहीत. नवाबभाईंनाही हे आधी माहीत नव्हतं.

हमदानचे मामू ताडकन उठले. तुम्ही सर्व्हेच्या नावानं आमच्या घरात येऊन गेलात, म्हणाले. आमच्या मुलाबद्दल काहीतरी ऐकून गेलात, त्याशिवाय ही अट घातली नसती. काय ऐकलंत ते आधी सांगा.

ताई म्हणाल्या, "तुमच्या घरात जे ऐकलं ते तुमच्या उंबऱ्याच्या आत ठेवून आले. मुलाचं मी काहीच ऐकलेलं नाही. आज मी आई म्हणून विचारतेय आणि तोंडावर विचारतेय. पहिलं बोट माझ्या उजमाचं."

मंडळी उठून गेली. नवाबभाईंनी आठ दिवस ताईंशी अबोला धरला. नात्यातल्या बायका म्हणाल्या, आता या पोरीला कोण करतंय, जिची आईच मांडवात रक्त मागते. उजमा मात्र शांत होती, असं नवाबभाई सांगतात. ती आईच्या शेजारी बसून काजं करत राहिली.

बाराव्या दिवशी हमदान माझ्या दुकानात आला. दुपारची वेळ, कचेरीचा जेवणाचा तास, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं मला लगेच ओळखलं, मीही त्याला. उभ्या उभ्याच म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. तुमी माझी उत्तरं त्यांना सांगितली ना?"

"नाही."

"मग त्यांनी तुमाला विचारलं तरी असंल."

"नाही विचारलं," मी म्हणालो. "मी आपणहून सांगायला गेलो होतो. मला दंडाला धरून एसटीत बसवून दिलं."

तो खाली बसला. मी त्याला पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं. मग पाकीट काढलं आणि त्यातून एक चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटत आलेली, अक्षरं पुसट झालेली. गोदामात मी त्याला दिली होती ती तपासणी केंद्राची चिठ्ठी. तीन वर्षं त्यानं ती फेकलीही नव्हती आणि वापरलीही नव्हती.

"ही आता चालंल का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, चिठ्ठी नसली तरी चालतं. ताईंनी शिकवलेलं सगळं, कुठल्या दारानं आत जायचं इथपासून, मी त्याला सांगितलं. औषध निघालंय हेही सांगितलं. आणि सांगताना दोघांच्या मधल्या जमिनीकडं बघत होतो.

हमदान आणि उजमा दोघं केंद्रात गेले. उजमाची मोपेड आणि त्याची मोटारसायकल, एका दिवशी, एका वेळी. निकाल आल्यावर केंद्राच्या बाहेरच्या बाकावर तासभर बसून बोलले म्हणतात. कागदांत काय होतं ते त्या दोघांना ठाऊक. उजमा घरी आली आणि म्हणाली, अम्मी, तारीख काढा. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि तेवढ्यावरच तारीख काढली.

लग्नाला मी होतो. नवाबभाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, मामूंना तर ते स्वतःच्या हातानं वाढत होते. आणि नवल म्हणजे चांगदेवतात्या आले होते. निमंत्रण ताईंनीच पाठवलं होतं. ते जेवायला माझ्या शेजारी बसले. या अटीची गोष्ट आता दोन्ही तालुक्यांत झाली होती आणि मी हमदानला प्रश्न विचारले होते हेही तात्यांना कुठून तरी कळलं होतं. घास तोंडाशी नेता नेता त्यांनी हळूच मला विचारलं, "बाईनं तुला खरंच इचारलं न्हाई?"

"न्हाई, तात्या."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाई."

"पोटच्या पोरीसाठी बी न्हाई?"

मी मान हलवली. तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हात धुऊन दाराशी ताई उभ्या होत्या तिथं गेले. मला वाटलं, माफी मागतील. पण आमच्याकडचा माणूस माफी मागत नाही. टोपी सारखी करत म्हणाले, "बाई, श्रेयाच्या पोरीला फ्रॉक शिवायचाय. माप घ्यायला येताल का?"

"उद्या येते, भाऊ," ताई म्हणाल्या.